दोन प्लेटांतला फरक

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या मोरीतलं, संडासातलं पाणी गटारात गेलं की आपण ते विसरतो. पण त्याच पाण्यातून गावाच्या तब्येतीची खबर लागते. मुंबईला हे नवं नाही. तिथल्या सांडपाण्यात 2001 पासून पोलिओचा विषाणू शोधला जातोय. लागण झालेल्या बहुतेक मुलांना लकवा होत नाही, म्हणून दवाखान्यात कुणी येण्याआधीच विषाणू गटारात सापडू शकतो.

आता अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतूही असेच शोधायला हवेत. इस्पितळात कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, होते ती आजारी पडलेल्याची, आणि त्यातही ज्याला ती परवडते त्याची. हे जंतू तर धडधाकट माणसाच्या आतड्यातही मुकाट राहतात. गटारात मात्र सगळ्यांचाच वाटा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये यासाठी एक साधी पद्धत दिली. दोन काचेच्या प्लेटा घ्यायच्या. दोन्हींत जंतूंचं तेच खाद्य, फक्त एकीत सेफोटॅक्सिम हे औषध मिसळलेलं. दोन्हींवर एकाच नमुन्यातलं पाणी पसरून रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे निळसर-हिरवे ठिपके उमटलेले दिसतात. औषधाच्या प्लेटेत उगवलेले ठिपके म्हणजे सेफोटॅक्सिम पचवून वाढलेले जंतू.

मला यातला हिशेब फार मोलाचा वाटतो. पावसाळ्यात नाला फुगतो, जंतू विरळ होतात, आणि नुसता आकडा बघितला तर आपण फसतो. पण पाणी दोन्ही प्लेटांसाठी सारखंच पातळ झालेलं असतं. त्यामुळे शंभरातले किती जंतू औषधाला पुरून उरले, हे प्रमाण पावसातही कामाला येतं.

2010 मध्ये दिल्लीत रस्त्यावर साचलेल्या आणि ओहोळांतल्या पाण्याचे 171 नमुने तपासले गेले. त्यांपैकी 51 नमुन्यांत एनडीएम-1 हे जनुक सापडलं. नळाच्या 50 नमुन्यांपैकी दोनांतही ते होतं. कार्बापेनेमसारखी, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली अँटिबायोटिक औषधं या जनुकापुढे निकामी होतात.

एकदा तपासून भागत नाही. जागा तीच ठेवून दर महिन्याला नमुना घ्यायला हवा, आणि निकाल त्या शहरातल्या डॉक्टरांच्या हाती पडायला हवा. इस्पितळाच्या गटाराचा नमुना वेगळा घ्यावा. मैलाशुद्धीकरण केंद्रात शिरणारं पाणी तपासावं, बाहेर पडणारंही तपासावं. आणि आणखी एक नमुना नदीच्या खालच्या अंगाला घ्यावा, जिथं त्याच पाण्यावर पालक-मेथीचे वाफे भिजतात.