डब्बा घेतला म्हणून नाव लपत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, वाचायले सोपं जावं म्हणून थोडं नीट केलेलं.

मंडळी, मले विषय असा सांगितला होता की घरात एक डब्बा लावायचा, त्याच्यातून सगळं इंटरनेट चालवायचं, मंग आपण कोण हे कोणालेच कळत नाही, तं असा डब्बा घ्यावा का. असे डब्बे खरंच मिळतात. पण आधी लपवायचं कोणापासून ते ठरवा, काहून की त्याच्यावरच सगळं आहे.

आपल्या इकडं घरात एकच कनेक्शन असते, केबलवाल्या भाऊचं फायबर नाहीतर कोणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीवर आल्या, त्याच्यामुळं पानावर तुम्ही काय वाचलं ते केबलवाल्याले दिसत नाही, पण कोणत्या साइटवर गेले ते नाव बहुतेक वेळा दिसू शकते. अन् केबलवाला आपल्याच गावचा, तुमच्या काकाच्या ओळखीचा. एखादी बाई नवऱ्याच्या मारहाणीवर कायदा काय म्हणते ते शोधते, एखादं पोट्टं एचआयव्हीची तपासणी कुठं होते ते पाहाते, कोणी शेतकरी सावकाराची तक्रार कुठं करायची ते वाचते, याच्यात चोरीचं काय आहे? सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ले सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. शहरात शेजारी ओळखत नाही, गावात सगळेच ओळखतात, म्हणून ह्या हक्काची गरज मले तं गावातच जास्त वाटते.

आता डब्ब्याच्या आत काय असते ते पाहू. बहुतेकात टॉर नावाचं सॉफ्टवेअर असते. टॉरचं मूळ काम अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात झालं, २००६ पासून एक ना-नफा संस्था ते सांभाळते. समजा पाकिटात पाकीट, त्याच्यात अजून एक पाकीट. तुमचा मजकूर जगातल्या तीन कॉम्प्युटरमधून जातो अन् प्रत्येक जण आपलं एकच पाकीट फोडते. पहिल्याले तुम्ही माहीत पण साइट माहीत नाही, शेवटच्याले साइट माहीत पण तुम्ही नाही. हे काम राऊटरमध्ये बसवलं की झाला डब्बा. २०१३ मध्ये अ‍ॅडाफ्रूट कंपनीनं रास्पबेरी पाय ह्या छोट्या कॉम्प्युटरवर असा डब्बा घरी कसा बनवायचा ते दाखवलं, आजही पोट्टे बनवतात, शिकायले चांगलं आहे, फक्त आपल्या इकडं लाइन घडीघडी जाते अन् अचानक बंद पडलं की त्याचं मेमरी कार्ड खराब होऊ शकते, तं छोटा यूपीएस लावा.

विकतच्या डब्ब्याची एक गोष्ट मात्र सांगतोच. ऑक्टोबर २०१४ मध्ये किकस्टार्टर ह्या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या साइटवर अ‍ॅनॉनाबॉक्स नावाचा डब्बा आला, मागितले होते ७,५०० डॉलर अन् लोकांनी पाच-सात दिवसात साडेपाच लाखाच्या वर कबूल केले! एवढी लोकांची गरज होती. मंग जाणकारांनी पाहिलं तं स्वतः डिझाइन केलेलं म्हणून सांगितलेलं हार्डवेअर चीनमधलं तयारच निघालं, किकस्टार्टरनं मोहीम थांबवली. पुढं तो दुसरीकडून विकला गेला अन् २०१५ मध्ये काही डब्बे परत बोलवायची वेळ आली, वायफायले पासवर्डच नव्हता अन् आतला मुख्य पासवर्ड सगळ्यात सारखा होता. मले याचा राग येते, काहून की असा डब्बा घेणारा माणूस आधीच भ्यायलेला असते.

अन् डब्बा अगदी चांगला असला तरी तो फक्त इंटरनेटवरचा पत्ता लपवते. फोनमध्ये गूगल लॉगिन आहे, फेसबुक लॉगिन आहे, ते तुमचं नाव घेऊनच टॉरमधून जातात. टॉर ब्राउझर, म्हणजे टॉर आतच बसवलेला ब्राउझर, प्रत्येक साइटच्या कुकीज, म्हणजे साइट आपल्याले ओळखायले ठेवते त्या चिठ्ठ्या, वेगळ्या ठेवते अन् सगळ्या वापरणाऱ्यांचे ब्राउझर शक्यतो सारखेच दिसतील असं पाहाते, हे काम राऊटरले जमत नाही. शिवाय यूडीपी, म्हणजे व्हिडिओ कॉलसारख्या गोष्टी वापरतात तो डेटा पाठवायचा प्रकार, टॉर नेत नाही, म्हणून घरभर लावलं की व्हिडिओ कॉल अडकते, यूट्यूब रखडते, बँकेचं अ‍ॅप परदेशातला पत्ता पाहून अडवू शकते, मंग दोन दिवसात घरचेच डब्बा काढून ठेवतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, घरच्या राऊटरचा पासवर्ड बदला, त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा, अन् जे खरंच खासगी आहे तेवढंच टॉर ब्राउझरमध्ये पाहा, फुकट आहे, अँड्रॉइडवर चालते.

व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, तिचेही डब्बे विकतात. त्याच्यात भरवसा केबलवाल्यावरून उचलून व्हीपीएन कंपनीवर ठेवल्या जाते, एवढंच. २०२२ मध्ये सर्ट-इन ह्या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता वगैरे पाच वर्षं जपून ठेवावं, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले.

मागून एका ताईनं विचारलं, नवराच घरचा राऊटर तपासत असला तं? ताई, फार महत्त्वाचं विचारलं. टॉरवर काय पाहिलं ते त्याले राऊटरवर कळत नाही, पण टॉर वापरलं हे कळू शकते. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्यानं परीक्षा टाळायले बॉम्बची खोटी धमकी टॉरमधून पाठवली, कॅम्पसच्या वायफायवर त्या वेळी टॉर कोणी वापरलं ते पाहून तपास करणारे त्याच्यापर्यंत पोचले. ते काम वाईटच होतं, पण घरातही असंच होते, चार माणसांत टॉर कोणी लावलं हे ओळखायले वेळ लागत नाही, अन् ब्राउझरचा आयकॉन तं फोनवर दिसतेच. म्हणून अशा वेळी घरचं नेट अन् स्वतःचा फोन, दोन्ही वापरू नका. भरवशाच्या मैत्रिणीच्या फोनवरून, तिच्या डेटावर पाहा, नाहीतर सरळ १८१ ह्या महिला हेल्पलाइनले लावा, तेही तिच्याच फोनवरून, काहून की आपल्या फोनच्या कॉल यादीत नंबर राहाते.