शिरवळ्याची तार

(दृश्य: चुलीवर तोप, उकळत्या पाण्यात पिठाचे गोळे)

हे पीठ एकदा शिजून झालंय. तांदळाच्या पिठाची उकड काढली, गरम असतानाच मळली, गोळे वळले. आता तेच गोळे पुन्हा उकळत्या पाण्यात. सिंधुदुर्गात शिरवळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, करताना सगळ्यांचं लक्ष साच्याकडे असतं. पण तार टिकणार की तुटणार, ते या तोपात ठरतं.

तांदळात ग्लूटेन नाही. गव्हाच्या शेवईला आतून धरून ठेवणारं जाळं इथे मिळणार नाही, सगळी भिस्त स्टार्चवर. साधारण 65 ते 75 अंशांना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यातला अमायलोज, म्हणजे लांब सरळ साखळ्यांचा भाग, बाहेर झिरपतो. गोळ्याच्या गाभ्यापर्यंत आच पोचलीच पाहिजे. म्हणून ही दुसरी उकळी.

(दृश्य: लाकडी साचा, दोघीजणी)

गोळा पाण्यातून थेट साच्यात. हात पोळतात, पण गार झालेला गोळा दाबता दाबला जात नाही. एकीनं दांड्यावर अंगाचा भार टाकायचा, दुसरीनं खाली तारा गोल फिरवत झेलायच्या. बघा, एकही तार मधेच तुटलेली नाही.

(दृश्य: केळीच्या पानावर वेटोळी)

आता हात लावायचा नाही. आम्हाला विचाराल तर कृतीतली सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि घाईच्या स्वयंपाकात नेमकी हीच गाळली जाते. तार निवते तशा अमायलोजच्या साखळ्या एकमेकींना बिलगून घट्ट स्फटिक होतात. ते वितळायला शंभर अंशांच्या बरीच वर उष्णता लागते, त्यामुळे वरून नारळ-गुळाचा गरम रस ओतला तरी तार लगदा होत नाही. लहान आतड्यातल्या पाचकरसांनाही ते सहजी फुटत नाहीत. हाच रेझिस्टंट स्टार्च. संशोधक हान्स एंग्लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये 1982 साली त्याला हे नाव दिलं.

तांदूळही तसाच हवा. ज्याचा भात मोकळा होतो, त्यात अमायलोज जास्त, पंचवीस टक्क्यांच्या वरसुद्धा. पूर्वेकडच्या चिकट तांदळात तो जवळजवळ नसतोच. त्याची अशी तार निघायची नाही.

चीनमधले मिफन, म्हणजे तिथल्या तांदळाच्या शेवया, करणारे कारखाने वाफवलेल्या तारा मुद्दाम काही तास मुरत ठेवतात. काही ठिकाणी पिठात जास्त अमायलोजच्या मक्याचा स्टार्च मिसळतात, तारेला चावा यावा म्हणून. चालतं तेही. पण इथे पिठात तांदूळ सोडून दुसरं काही नाही.

रेझिस्टंट स्टार्चनं रक्तातली साखर जरा सावकाश चढते. अर्थात, घरच्या शिरवळ्यात तो थोडाच, आणि सोबत गुळाचा रस!

(दृश्य: नारळाचा रस, वेलची, मग लोखंडी कढई)

उरलेल्या शिरवळ्यांना सकाळी मोहरी-मिरचीची फोडणी. रात्रभर राहून कडक झालेल्या तारा आधी हातानं मोकळ्या करायच्या, पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून एक वाफ काढायची.