टाक्यांची पहिली रात्र

(प्रसूती वॉर्ड. संध्याकाळ. खिडकीजवळची खाट.)

सकाळी अकराला सिझर झालं. मणक्यात दिलेली भूल दुपारी उतरली. आधी पायाची बोटं हलली, मग मुंग्या आल्या, आणि मग टाके ठणकायला लागले. शेजारी बाळ रडतंय. त्याला पाजायचं तर कुशीवर वळायला हवं, आणि वळायला गेलं की पोटातून कळ जाते. ती खाटेची कड घट्ट धरते. उशाशी बसलेली आई म्हणते, “सोस गं बाई जरा. बाळंतपण म्हटलं की दुखायचंच.”

मायेनंच म्हणते ती. तिलाही तिच्या आईनं हेच सांगितलेलं असतं. पण ऑपरेशननंतरचं दुखणं सोसून बाईच्या पदरी काहीच पडत नाही. दुखतं म्हणून ती खोल श्वास घेत नाही, खोकला दाबते, मग छातीत कफ साठतो. दुखतं म्हणून उठून चालत नाही, आणि बाळंतिणीला पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका मुळात जास्त असतो. बाळाला पाजायला घेणं तर प्रत्येक वेळी परीक्षाच होऊन बसते.

(ऑपरेशन थिएटर. शेवटचा टाका घातला जातोय.)

ही दुसरी बाई. तिचंही सिझरच. कमरेखालचा भाग अजून बधिर आहे, म्हणून पुढची सुई तिला जाणवणार नाही. भूलतज्ज्ञ तिच्या कुशीवर, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सोनोग्राफीचा प्रोब ठेवतात.

पडद्यावर नीट बघा. वर चरबी, आणि तिच्याखाली एकावर एक तीन पट्टे. हे पोटाच्या भिंतीचे तीन स्नायू. मधला आणि सगळ्यात आतला, या दोघांच्या फटीतून पोटाच्या कातडीला आणि स्नायूंना संवेदना देणाऱ्या नसा जातात. सुई तिरकी आत येते. थोडं औषध सोडताच ती फट उघडते आणि मध्ये मसुराच्या डाळीसारखा काळा आकार फुगतो. औषध नेमक्या जागी गेलं. नसांजवळ औषध सोडून तेवढाच भाग बधिर करायचा, याला ब्लॉक म्हणतात; पोटाच्या भिंतीतल्या या ब्लॉकला डॉक्टरमंडळी ‘टॅप’ म्हणतात. २००१ मध्ये डॉ. रफी यांनी कमरेच्या बाजूच्या त्रिकोणातून, नुसत्या हाताच्या अंदाजानं तो द्यायची रीत मांडली. सोनोग्राफीची जोड नंतर आली.

औषध बुपिव्हॅकेन. १९५७ पासून माहीत असलेलं. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचे थेंब वापरून दाखवले, तिथून जागेपुरत्या भुलीची ही वाट सुरू होते. नसेतून दुखण्याचा निरोप पुढे सरकतो तो सोडियमचे कण आत शिरतात म्हणून. औषध ते दारच अडवून धरतं, निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. बाई मात्र पूर्ण जागी, बाळ छातीशी.

इथे सगळ्यात मोलाचं काम सुईचं नाही, हिशेबाचं आहे. बाईचं वजन ५० किलो. किलोमागे २ मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर १०० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. पाव टक्क्याच्या औषधात दर मिलिलिटरला अडीच मिलिग्रॅम असतात. दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिलिटर दिलं की शंभर इथेच भरले, आणि सकाळी मणक्यात दिलेले दहाएक मिलिग्रॅम धरायचेच राहिले. म्हणून इथे पंधरा-पंधरा. औषध रक्तात जास्त गेलं तर ओठांभोवती मुंग्या येतात, कानात गुणगुण होते, तोंडाला धातूची चव येते. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. त्यावर उतारा म्हणून शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण हाताशी हवंच. अशी लक्षणं जाणवली तर बाईनं लगेच सांगायचं, भीड धरायची नाही.

सोनोग्राफी मशीन गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली नोंदवावं लागतं. आपल्याकडच्या लेकींचा इतिहास पाहता ते व्हायलाच हवं. पण थिएटरात मशीन नसेल म्हणून बाईनं तळमळत पडावं असं नाही. पोट शिवता शिवता शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच जखमेच्या थरांत हे औषध भरू शकतात. त्याला मशीन लागत नाही.

मणक्याच्या इंजेक्शनात किंचित मॉर्फिन मिसळलं तर आराम जवळजवळ दिवसभर टिकतो, आणि मग टॅपनं फारशी भर पडत नाही. पण मॉर्फिन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या नियमांत येतं, आणि ते दिल्यावर रात्रभर बाईच्या श्वासावर लक्ष ठेवायला माणूस लागतो. जिथे या दोन्हीची वानवा, तिथे ही कुशीतली सुई फार मोठा आधार.

पण ती सगळं दुखणं थांबवत नाही, हे आधीच सांगायला हवं. ती बधिर करते पोटाची भिंत. बाळ पाजताना गर्भाशय आवळतं, त्या कळा आतून येतात आणि जाणवतातच. म्हणून पॅरासिटामॉल ठरल्या वेळेला द्यायचं, ‘दुखलं तर’ म्हणून ठेवायचं नाही. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास नसेल तर डॉक्टर डायक्लोफेनॅक हे दुखणं कमी करणारं औषधही देतात.

(रात्र. वॉर्ड. दुसरी बाई.)

सिस्टर विचारतात, “खोकून दाखव बरं. आता दहापैकी किती?” पडल्या पडल्या विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. बाई पोटाशी उशी दाबते, खोकते. “तीन.”

ब्लॉक पहाटेपर्यंत उतरेल. त्याच्या आधीची गोळी सिस्टरनं तक्त्यावर लिहून ठेवली आहे. खिडकीजवळच्या खाटेवरची आई हे सगळं बघत असते. ती उठते, पदर सावरते आणि सिस्टरजवळ जाते.

“माझ्या लेकीला पण विचारा ना, किती दुखतंय ते.”