पाय बसवला, आता चालायचं

भुसावळकरांना काडतूस म्हणजे काय, हे मी सांगायला नको. वरणगावच्या कारखान्यात इथल्या कित्येकांची हयात गेली. त्यामुळे पायदळातला जवान जखमी झाला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोळीच येते. मी लष्कराच्या वैद्यकीय शाखेत नर्सिंग असिस्टंट होतो, बराच काळ पायदळाच्या पलटणींसोबत. आमच्याकडे गोळी लागलेले कमी यायचे, तोफगोळ्याचे स्प्लिंटर, म्हणजे धातूचे तुकडे, घुसलेले जास्त. आणि सगळ्यांत अवघड केस म्हणजे जमिनीत पुरलेल्या सुरुंगावर पाय पडलेला जवान. आज त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

काही छोट्या सुरुंगांत स्फोटक असतं जेमतेम ३० ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांचं वजन. माणूस मारण्यापेक्षा त्याला जायबंदी करण्यासाठीच तो बनवलेला असतो. मेलेल्याला मागं ठेवून तुकडी पुढे जाऊ शकते, जखमीला उचलायला मात्र चार जण लागतात, असा तो थंड डोक्याचा हिशेब. स्फोट झाला की बूट, मोजा, माती, गवत सगळं खालून वर स्नायूंच्या मधे घुसतं. बाहेरून वाटतं घोट्यापर्यंतच गेलंय. आत पोटरीपर्यंत घाण भरलेली असते.

पहिली पट्टी डॉक्टर बांधत नाही, शेजारचा जवान बांधतो. प्रत्येकाजवळ फील्ड ड्रेसिंग, म्हणजे जखमेवर बांधायची तयार पट्टी, असतेच. मग पलटणीच्या डॉक्टरचा रेजिमेंटल एड पोस्ट, म्हणजे पहिल्या उपचाराचं ठाणं. तिथं रक्त थांबवणं, वेदनेचं इंजेक्शन, आणि खाली रवानगी. १९९९ च्या कारगिल लढाईत हे ‘खाली’ प्रकरण भयंकर होतं. पंधरा-सोळा हजार फुटांवरून स्ट्रेचर उतरवायचं, तेही बऱ्याचदा अंधारात, कारण दिवसा वरून शत्रूला सगळं दिसायचं. खाली हेलिकॉप्टर मिळालं की श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल, पुढं उधमपूरचं कमांड हॉस्पिटल. पाय गमावलेल्याच्या नशिबी त्यानंतर पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र.

आता एक गोष्ट, जिच्यावरून नातेवाईक हमखास भांडतात. सर्जन मेलेलं मांस कापून जखम धुतो आणि टाके न घालता उघडीच ठेवतो. गावाकडून आलेले वडील चादर उचलून बघतात आणि ओरडतात, ‘माझ्या पोराला असंच टाकून दिलं!’ अहो, टाकून दिलेलं नसतं. अशी जखम लगेच शिवली तर आत राहिलेल्या घाणीला हवा मिळत नाही आणि गॅस गँगरीन होतं, म्हणजे जंतूंमुळे आतलं मांस सडत जातं. पहिल्या महायुद्धात हजारो पाय आणि जीव गेल्यावर सैन्याच्या डॉक्टरांनी हा धडा पक्का केला. चार-पाच दिवस वाट बघायची, पुन्हा तपासायची, जखम स्वच्छ दिसली तर मगच बंद करायची.

दुसरा प्रश्न, पाय कुठून कापायचा. गुडघा वाचवण्यासाठी सर्जन जिवाचं रान करतात. गुडघ्याखालून पाय गेलेल्याला कृत्रिम पायावर चालताना धडधाकट माणसापेक्षा साधारण पाव पट जास्त ताकद लागते. गुडघाही गेला तर एकूण ताकदच धडधाकट माणसाच्या दीडपटीहून अधिक. वीतभर हाडाचा हा फरक पुढे जन्मभर शेताच्या बांधावर कळतो.

पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी काढलेलं. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल संस्था त्याहून जुनी, १९१७ साली मुंबईत सुरू झाली आणि १९२२ मध्ये खडकीला आली. अपंग सैनिकाला हातात धंदा द्यायचा, हा तिचा हेतू. मेजर इयान कार्डोझोंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९७१ च्या युद्धात सुरुंगानं चिरडलेला स्वतःचाच पाय त्यांनी खुकरीनं, म्हणजे गोरखा जवानांच्या वाकड्या सुऱ्यानं, कापून काढला आणि पुढे कृत्रिम पायावर बटालियनची कमान सांभाळली. भाषणांत त्यांची गोष्ट टाळ्या घेते. पण मला त्या खुकरीपेक्षा नंतरचे महिने जास्त महत्त्वाचे वाटतात.

कारण त्या महिन्यांत काय चालतं? उरलेल्या पायावर आठच्या आकड्यासारखी पट्टी गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. सूज उतरते, मांस आटतं, नेमका बसणारा सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची वाटी, काही महिन्यांत ढिला होतो, की नवा करा. रात्री नसलेल्या अंगठ्याला कळा येतात. मेंदूतला त्या पायाचा नकाशा जागचा हललेला नसतो, म्हणून हे होतं. घरी मात्र कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला, कुणी थेट भगताकडे नेतं. आई म्हणते, ‘पाय गया ते गया, पोऱ्या ते घर ऊना.’ तिचं खरंच आहे. पण पोऱ्या घरी आला की वॉर्डातली शिस्त संपते आणि खानदेश सुरू होतो.

पुण्यातल्या गुळगुळीत फरशीवर जो झपाझप चालायचा, त्याला आपल्या काळ्या मातीत चालायला सांगा. पहिल्या पावसानंतर धडधाकट माणसाची चप्पल रुतून बसते. याला तर पाऊल कुठं टेकलंय हेच खालून कळत नाही. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या, त्यात पुढचं पाऊल अडकतं. आणि उन्हाळा! पारा ४५ वर गेला की सॉकेटच्या आत घामाचं पाणी होतं, पाय सटकतो, कातडी सोलते. एक फोड आला की आठवडाभर कुबड्या. मांडी घालून पंगतीला बसणं, खाली बसायचा संडास, एसटीची उंच पायरी, यातलं काहीही वॉर्डात शिकवून पुरं होत नाही. माझं स्पष्ट मत आहे, त्याच्या सत्कारावर होणाऱ्या खर्चात घरात कमोड आणि दोन दांडे बसवून होतात. फ्लेक्स नंतर लावा.

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली, पाय ढिला झाल्यावर आत कापड कोंबून वापरला तर चालेल का? नाही. दाब एकाच जागी येऊन जखम होते. पाय काढल्यावर कातडीवर दिसणारा लाल डाग दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही तर पाय पुन्हा घालू नका आणि केंद्राला कळवा. दुसरी, कागदपत्रांसाठी कुठं जायचं? जळगावला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, धुळ्यालाही आहे. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाची प्रत आणि पेन्शनचा आदेश सोबत न्या, मूळ कागद हातातून सोडू नका. आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना खालचा बर्थ मागा. रात्री पाय काढून ठेवल्यावर वरच्या बर्थवरून उतरता येत नाही.