डोंग्याच्या इंजनाचा आवाज

नमस्कार मंडळी. गोसीखुर्दच्या पाण्यात जाळं टाकणाऱ्या माझ्या ढिवर भावांनो, आजचं बोलणं खास तुमच्यासाठी. ज्यांच्या डोंग्याच्या मागे जुनं टू-स्ट्रोक इंजन लटकतं, त्यांनी रेडिओ थोडा जवळ घ्या.

आधी एक हकिगत सांगतो. आमच्या ओळखीचे एक दादा आहेत. वैनगंगेवर बांबू मारण्यात त्यांचं तारुण्य गेलं. मग धरण भरलं, पाणी पसरलं, जाळ्यांची जागा दूर गेली आणि त्यांनी सेकंड हँड इंजन घेतलं. या फुगवट्यात काय आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. शेतं बुडाली तशी बांधावरची झाडंही बुडाली. पाणी उतरलं की त्यांचे खुंट वीतभर पाण्याखाली उभे असतात, वरून दिसत नाहीत.

दादांचा मुलगा पुढच्या टोकावर बसून पाण्यावर नजर ठेवायचा. एका सकाळी तो ओरडला, "बाबा, खुंट!" दादांना ऐकूच आलं नाही. दोघांच्या मध्ये जेमतेम बारा-चौदा फूट, पण इंजनाच्या आवाजात पोराची हाक बुडाली. पंखा खुंटावर आदळला आणि पंख्याची पिन तुटली. ती पिन तुटण्यासाठीच असते. ती तुटते म्हणून आतले गिअर वाचतात, तिच्या जागी कधीच खिळा ठोकू नका. बापलेक बांबू मारत काठाला आले.

पुन्हा असं होऊ नये म्हणून दादांनी मागच्या फळीवर चार इंचांची आणखी एक फळी ठोकली आणि इंजन वर घेतलं. पंखा वाचला, पण इंजन असं बोंबलायला लागलं की डोंगा दिसायच्या आधी काठावर कळायचं. दादांनी मला बोलावलं. मी कार्बोरेटर खोलला, साफ केला, प्लग बदलले. दोन दिवस गेले, आवाज तसाच.

दादांची म्हातारी आई काठावर जाळं विणत बसली होती. ती उठली, गंजात पाणी घेतलं आणि चालू इंजनाशेजारी फळीवर गंज ठेवला. पाणी नुसतं थयथय नाचत होतं. मग तोच गंज तिने डोंग्याच्या मधोमध ठेवला. तिथे पाण्यावर हलकीशी थरथर. म्हणाली, "इंजनाले काऊन खोलता जी? हे फळी बोंबलते."

मी वाकून पाहिलं. नवी फळी दोन खिळ्यांवर होती, डफासारखी वाजत होती. इंजनाच्या बैठकीतले रबर सुकून लाकडासारखे झाले होते, त्यामुळे सगळा हादरा सरळ फळीत उतरत होता. आणि इंजन वर उचलल्याने धूर सोडणारं तोंड पाण्याच्या वर आलं होतं. या इंजनाचं सायलेन्सर म्हणजे पाणीच, मंडळी. धूर पाण्याखाली सुटला तर आवाज दबतो, वर सुटला तर फटफटतो.

वरची फळी काढली. पंख्याच्या वरची आडवी पट्टी डोंग्याच्या तळापेक्षा इंचभर खाली येईल इतकं इंजन उतरवलं. मग खुंटाचं काय? इंजन वर उचलू न देणारा खटका आम्ही मोकळा ठेवला. पुढे जाताना पंखा अडला तर इंजनाचा पाण्यातला पाय आपोआप वर उचलला जातो. बैठकीचे रबर नवे घातले. फळी आणि इंजनाच्या मध्ये रबराची जाड पट्टी दिली. पण रबर दबतं आणि शिकंजा सैल होतो, म्हणून आरपार बोल्ट मारले, साखळीही बांधली.

दुसऱ्या सकाळी मी सोबत गेलो. पोरगा पुढून म्हणाला, "उजवीकडे खुंट हाय, बाबा." ओरडला नाही, नुसता बोलला. दादांनी डोंगा डावीकडे घेतला.

आपल्याकडे ज्याचा आवाज मोठा त्याची ताकद मोठी, असा एक समज पसरला आहे. बुलेटचं सायलेन्सर काढतात, लग्नात डीजे असा लावतात की खिडक्यांच्या काचा थरथरतात. मला हे मुळीच पटत नाही. घरात तान्हं बाळ असतं, म्हातारं माणूस असतं. आणि तलावांचा जिल्हा म्हणवणाऱ्या आपल्या भंडाऱ्यात पोरांना डोंग्याचं इंजन शिकवणारा वर्ग हवा, हे मी भेटेल त्याला सांगतो.

असो. तुमचं इंजन बोंबलत असेल तर आधी रबर आणि फळी पाहा, मग उंची. त्यानंतर इंजनाचं झाकण. झाकणाच्या कडेचं रबर फाटलं असेल तर बदला. आतला फोम भुगा झाला असेल तर पेट्रोल न शोषणारा आणि सहज न पेटणारा फोमच लावा. गादीचा फोम नको, तो पेट्रोल पितो आणि पेटतो. हवा आत जायची वाट बुजवू नका. पंख्याचं पातं वाकलं असेल तर सरळ करून घ्या, त्यानेही सगळा डोंगा थरथरतो.

टू-स्ट्रोक इंजनात प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. मिनिटाला 3000 फेरे म्हणजे एका सिलिंडरमध्ये सेकंदाला 50 स्फोट, तुमच्या कानापासून हातभर अंतरावर. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. 85 डेसिबलच्या पुढे रोजचे आठ तास कानाला धोक्याचे मानतात. काठावर आल्यावर कान गुणगुणत असतील तर कानात आवाज अडवणारे बोळे, म्हणजे इअरप्लग, घालून जा, आणि गंजभर पाणी घेऊन फळी तपासा. आधी रबर आणि फळी, मग उंची, मग झाकण. नमस्कार.