लोकलच्या खिडकीतली शेती

नमस्कार श्रोतेहो.

लोकलमध्ये खिडकी मिळणं म्हणजे नशीबच, आणि मिळाली की आपण लगेच मोबाइल काढतो. उद्या जरा बाहेर बघा. रुळांच्या कडेला, नाल्याला खेटून, पालकाचे आणि लाल माठाचे वाफे दिसायचे, कुठे अजूनही दिसतील. मधेच अळू, कुठे भेंडी. मोकळ्या जागेवर अतिक्रमण होऊ नये म्हणून रेल्वेनं ती आपल्याच कर्मचाऱ्यांना भाजी लावायला दिली होती, त्यातले हे मळे. त्यांना पाणी कुठलं, ते विचारू नका. जुडी हातात धरवणार नाही. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे मला दुसराच प्रश्न पडतो. एवढ्या मोलाच्या जमिनीवर पालकच का? भात का नाही?

या प्रश्नाचं उत्तर एका जर्मन जमीनदारानं 1826 साली पुस्तकात मांडलं. योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन त्याचं नाव. टेलो इथली आपली शेती तो कसायचा आणि तिचा जमाखर्च चोख ठेवायचा. त्यानं एक सपाट मुलूख कल्पिला. मधोमध एकच शहर, सगळीकडे सारखीच माती, आणि माल न्यायला फक्त घोडागाडी. मग कुठे काय पिकेल? शहराला लागून भाजी आणि दूध, कारण ते टिकत नाही. त्यापलीकडे जंगल. त्याच्या पुढे धान्य, आणि सगळ्यात लांब गुरं, कारण ती आपल्या पायांनी बाजाराला चालत येतात.

जंगल दुसऱ्याच वर्तुळात म्हटलं की वर्गात पोरं हसायची. मी विचारायचो, तुझ्या आजीची चूल कशावर पेटायची रे? लाकूड जड, त्याला भाव थोडा. लांबून आणलं तर गाडीभाड्यातच संपायचं. मुंबईत लाकडाच्या वखारी होत्या, हे त्या पोरांना सांगावं लागायचं. पुढे रॉकेल आलं, गॅस आला, आणि सरपणाचं वर्तुळ पुसलं गेलं. बोरिवलीचं जंगल टिकलं त्याला पाणी हे एक मोठं कारण. त्यातला विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. धरणांच्या पाणलोटात कुऱ्हाड चालवू देऊन भागलं नसतं.

दुधाची गंमत याहून मोठी. एके काळी म्हशी भर वस्तीत, तबेल्यांत असायच्या, कारण सकाळचं दूध दुपारी नासायचं. त्या शहराबाहेर हलवायच्या म्हणून 1949 साली आरे कॉलनी उभी राहिली. पण त्याच्या आधीच, 1945 पासून, गुजरातेतल्या आणंदचं पाश्चराइझ केलेलं दूध रेल्वेनं मुंबईला येऊ लागलं होतं. चारशेहून जास्त किलोमीटर! दूध तापवून गार करता आलं आणि थ्यूनेनसाहेबांचं पहिलं वर्तुळ थेट खेडा जिल्ह्यापर्यंत ताणलं गेलं. तबेल्यांना मात्र चारा लागायचाच. वाडा, पालघर, मुरबाडकडच्या वरकस जमिनींवर, जिथे भात होत नाही तिथे, गवत वाढवून त्याच्या गासड्या मुंबईला यायच्या. म्हैस अंधेरीत आणि तिचं कुरण वाड्याला, असा तो संसार.

वसईला मात्र वर्तुळाची गरजच पडली नाही, तिला रेल्वेची रेघ पुरली. रेताड जमीन, गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि 1860 च्या दशकापासून मुंबईला जाणारी गाडी. केळी, पानवेली, मोगरा, भाजी. पहाटेच्या गाडीनं टोपल्या दादरला. (जास्तीच्या राजेळी केळ्यांची, जवळच्या आगाशीत, सुकेळी व्हायची, म्हणजे वाळवलेली केळी. हा शेतीचा मुद्दा नाही, पण आगाशीचं नाव घेतल्यावर तोंडाला पाणी सुटतं, त्याला इलाज नाही.)

आता कर्जत किंवा कसाऱ्याची गाडी पकडा. थ्यूनेनच्या हिशेबानं पाहिलं तर बदलापूर, आसनगावपाशी भाजीची झुंबड हवी. काही ठिकाणी आहेही. पण बरीच खाचरं नुसती पडून दिसतात. तारेचं कुंपण, सिमेंटचे खांब, एक पाटी, आत कमरेएवढं गवत. रॉबर्ट सिंक्लेअर नावाच्या भूगोलज्ञानं 1967 साली अमेरिकेतल्या शहरांभोवती हेच पाहिलं आणि थ्यूनेनला उलटं करून ठेवलं. शहर वाढत येतंय म्हटल्यावर त्याच्या अगदी जवळचा मालक जमिनीत कष्ट घालत नाही. तो वाट बघतो.

आणि भाताचं खाचर वाट बघू शकत नाही, श्रोतेहो. खाचरं पायऱ्यांसारखी असतात. वरच्या खाचराचं पाणी बांधाच्या तोंडातून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात. दर पावसाआधी बांध लिंपावा लागतो. खेकडा बीळ करतो, ते बुजवावं लागतं. मधल्या एकानं जमीन विकली, नव्या मालकानं भराव घातला, की खालच्या चौघांचं पाणी तुटतं. त्यांना काही विकायचं नसतं. पण कोरडं खाचर किती वर्षं ठेवणार? एकाच्या सातबाऱ्यावरची नोंद बदलते आणि आवण, म्हणजे भाताची लावणी, मात्र पाच जणांची बंद पडते. इमारत यायच्या कितीतरी आधी शेती थांबते, ती अशी.

भाषासुद्धा आधी बदलते. जुनी माणसं म्हणायची, आमची पाच खंडीची जमीन, म्हणजे पाच खंडी भात देणारी. मग गुंठे आले. आता चौरस फूट. माप बदललं की समजावं, तिथे काय पिकतं हे विचारणारं कुणी उरलेलं नाही.

गेल्या थंडीत शहापूरच्या बाजूला एका शेतात वाल दिसला. भात काढल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर येतो तो, वेगळं पाणी लागत नाही. बांधावर म्हातारबाबा बसले होते. तीन बाजूंना प्लॉट, चौथ्या बाजूला रस्ता. मी म्हटलं, "बाबा, सगळ्यांनी सोडलं, तुम्ही अजून वाल लावता?"

"लावतो ना," ते म्हणाले. "पूर्वी भात निघालं की उनाड गुरं सुटायची, वाल राहू द्यायची नाहीत. आता या शेटलोकांनी तिन्हीकडून तार मारली. मला फक्त रस्त्याकडंच बसावं लागतं."