हाडाने धातूला धरावं म्हणून

(दृश्य : सदाशिव पेठेतला जुना वाडा. लाकडी जिना. कठड्यावर एक सुरकुतलेला हात.)

या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. माझी आत्या आधी चांगला पाय वर ठेवते, मग दुसरा ओढून घेते. एकेकाळी पर्वती न थांबता चढून जायची ती. बारा वर्षांपूर्वी तिचा खुबा बदलला, पुढची बरीच वर्षं छान गेली. मग मांडीत कळ यायला लागली. बसलेली असताना काही नाही. उठून पहिलं पाऊल टाकलं, की कळ.

(दृश्य : दिव्यावर लावलेला एक्स-रे.)

मांडीच्या हाडात ठोकून बसवलेला धातूचा दांडा शाबूत होता. डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक त्याच्या कडेला टेकवलं. दांडा आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ होती. "इथली पकड सुटलीये, आजी."

त्या रेघेने मला या विषयात ओढलं.

शरीर परक्या वस्तूभोवती सहसा चिवट पापुद्रा विणतं आणि तिला वेगळं काढतं. टायटॅनियमचं तसं होत नाही, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांना १९५२च्या सुमारास सशाच्या पायात कळलं. हाडातलं रक्त बघायला त्यांनी टायटॅनियमची नळी बसवली होती. काम संपल्यावर ती निघेचना. हाड तिला घट्ट चिकटलं होतं. १९६५मध्ये त्यांनी याच बळावर माणसाच्या जबड्यात दात बसवले.

पण ही पकड प्रत्येक वेळी, प्रत्येक हाडात तेवढीच पक्की होत नाही. गुळगुळीत भिंतीवर गिलावा टिकत नाही, म्हणून गवंडी आधी तिला टाचे मारतो. इम्प्लांटचा पृष्ठभागही असाच खडबडीत करतात. त्याने पुष्कळ फरक पडतो. तरी पेशीला तिथे काय सापडतं, हा प्रश्न उरतोच.

(दृश्य : चकचकीत धातूवर रक्ताचा एक थेंब पसरतो.)

इथे जरा थांबून बघा. रक्त लागल्यावर काही सेकंदांत धातूवर प्रथिनांचा थर बसतो. पेशी येतात त्यानंतर. म्हणजे हाडाच्या पेशीचा हात नुसत्या धातूला लागतच नाही. तिला भेटतात ती प्रथिनं. त्यातलं एक फायब्रोनेक्टिन. त्याच्या लांबलचक साखळीत तीन अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा आहे, आणि पेशीवरचे इंटेग्रिन नावाचे आकडे नेमके तिथे अडकतात. हे १९८४मध्ये उलगडलं. पंचाईत अशी, की धातूवर आपसूक बसताना हे प्रथिन वेडंवाकडं पसरतं आणि धरायची जागाच झाकली जाऊ शकते.

म्हणून अटलांटातल्या जॉर्जिया टेकमध्ये आंद्रेस गार्सिया यांच्या गटाने त्यातला कामाचा भाग तेवढा घेतला आणि टायटॅनियमवर पॉलिमरचा थर देऊन त्यावर तो बांधला. उंदरांच्या पायाच्या हाडात अशा इम्प्लांटभोवती हाड जास्त भरलं, पकडही जास्त घट्ट झाली. २००८मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण इथे औषधाचा मारा नाही. पेशीला धरायला जागा दिली, एवढंच.

दुसरी वाट अधिक जोरकस आहे. खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं, तर तिथेसुद्धा नवं हाड तयार होतं, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५मध्ये दाखवलं. ही करामत हाडातल्याच काही प्रथिनांची, हे पुढे कळलं. त्यातल्या बीएमपी-२ नावाच्या प्रथिनाला २००२मध्ये अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी मंजुरी मिळाली. मात्र शरीरात हे प्रथिन अगदी कणभर असतं आणि शस्त्रक्रियेत ते मिलिग्रॅममध्ये ओततात. नको तिथे हाड वाढल्याच्या, मानेत जीवघेणी सूज आल्याच्या तक्रारी आल्या. म्हणूनच ते धातूच्या पृष्ठभागावरच राहावं, थोडं थोडं सुटावं, यावर आता इतकी मेहनत चालली आहे.

(दृश्य : वाड्याची खिडकी, सकाळचं ऊन.)

आत्याला प्रथिनांचं इम्प्लांट मिळालं नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेत खडबडीत टायटॅनियमचा लांब दांडा बसला. तीन महिन्यांनी नवा एक्स-रे घरी आला, तेव्हा तिने तो उजेडात धरला आणि चष्मा पुसून मला जवळ बोलावलं.

"बघ रे, ती रेघ कुठे दिसतेय का?"